भिंतीतली बाई

"ती आता झोपली असंल," हणमंत म्हणाला.

"कोण?" सारिकानं विचारलं.

"भिंतीतली. दुपारचं जेवली की तिचा डोळा लागतो. घोरती बी बारीक. भिंत थरथरती मग."

आणि तो हसला.

काचेच्या पलीकडं बसून, कानाला मुलाखतीचा फोन लावून, हणमंत खोचरे हसला. लग्नाच्या फोटोत जो हसला नव्हता. विट्यातल्या गलाईच्या दुकानात, सोनं वितळवायच्या भट्टीसमोर उभा राहून जो गिऱ्हाइकाशीसुद्धा दात न दाखवता बोलायचा. ज्यानं एका रात्री आपल्याच भागीदाराच्या दाराला बाहेरून कडी घालून घर पेटवलं, आणि जालिंदर, जालिंदरची आई आणि जालिंदरची बायको अशी तिघं त्यात गेली. ज्याला खालच्या कोर्टानं, वरच्या कोर्टानं आणि त्याहून वरच्या कोर्टानं फाशी सांगितली. तो माणूस कातळमाळ कारागृहाच्या फाशी यार्डात एकट्याच्या कोठडीत राहत होता आणि दर मुलाखतीला आधीपेक्षा जरा जास्त अंगानं भरलेला दिसत होता.

"सारिके, एक बोलू?"

"बोला की."

"तू दुसरं लगीन कर."

सारिकाला वाटलं, फोन बिघडलाय.

"खरंच सांगतो. मला काय वाटणार न्हाई. कुणाबी बरोबर कर, सुखानं राहा."

त्या वाक्यानं सारिकाला काय झालं ते कळायचं तर मागची एक गोष्ट सांगायला हवी. जालिंदरचं घर पेटलं ते सारिकापायी. बाजारातून येताना तिचा पाय मुरगळला, जालिंदरनं तिला स्कूटरवर मागं बसवून घरी सोडलं. एवढंच. हणमंतनं ते गल्लीच्या तोंडाशी पाहिलं, आठवडाभर जेवताना मान वर केली नाही, आणि मग ती रात्र. जालिंदरची बायको सविता ही सारिकाची मैत्रीण. तिला बांगड्यांवरून ओळखायला सारिकालाच बोलावलं होतं. सारिकानं नवऱ्याचा संशय, त्याची पाळत, तिच्या फोनवर पडणारी त्याची सावली, सगळ्याचा मनापासून तिरस्कार केला होता. आणि तरी कुणाला दाखवता येणार नाही अशा एका जागी तिनं एक गोष्ट जपून ठेवली होती. या माणसानं वाईट केलं. पण माझ्यापायी केलं.

आता तो म्हणत होता, मला काय वाटणार नाही.

"कशी आहे ती?" सारिकानं विचारलं.

"दिसती थोडीच? पण सावकाश हाय बघ. घाई न्हाई कशाची. श्वास सोडती तर असा सोडती, जसं काय..." तो शब्द शोधत छताकडं बघू लागला. बायकोचं वर्णन करताना हणमंत कधी शब्द शोधत बसला नव्हता. "तिच्यासंगं मी बी सोडतो. मग झोप लागती. सारिके, मला जन्मात अशी झोप लागली नव्हती."

"बरं झालं," सारिका म्हणाली.



भिंत अशी होती.

फाशीची शिक्षा झालेला माणूस वाट बघत राहतो. अपील, दयेचा अर्ज, पुन्हा अर्ज, आणि सगळी वर्षं चार भिंतींत एकटा. ही वाट बघणं हीच दुसरी शिक्षा आहे, आणि ती कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही, असं एका निकालात म्हटलं गेलं. एकांतवास रद्द करा म्हणावं तर सुरक्षेचा प्रश्न. तेव्हा बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेनं एक तोडगा आणला. त्यांना ठाऊक होतं की जवळजवळ झोपलेल्या दोन माणसांचे श्वास हळूहळू एका लयीत येतात. आई आणि बाळाचे येतात, एकत्र गाणाऱ्यांचे येतात. श्वास सोडताना हृदय किंचित मंदावतं, घेताना किंचित धावतं. म्हणून ज्याचा सोडलेला श्वास लांब, त्याचं हृदय निवांत. आणि शेजारी असं निवांत अंग असलं की आपलंही त्याच्या वळणावर जातं. त्याला शब्द लागत नाहीत, ओळखसुद्धा लागत नाही.

त्यांनी कोठडीत झोपायच्या कट्ट्यालगतची भिंत मऊ केली. आत हवेच्या पिशव्या, मागं कोमट पाण्याच्या नळ्या. बाहेर कुठंतरी एक माणूस बरगड्यांभोवती पट्टा बांधून आपलं रोजचं काम करतो. त्याची छाती फुगली की काही क्षणांनी कोठडीतली भिंत फुगते. त्याचं अंग तापलं की भिंत तापते. त्याचे ठोके भिंतीत अगदी हलके, तळहात ठेवला तर कळतील एवढे. आवाज नाही, चित्र नाही. श्वासातून निरोप पाठवता येत नाही, म्हणून गृहखात्याची हरकत नव्हती.

दोनच नियम. श्वास कुणाचा हे कैद्याला कधी सांगायचं नाही. सांगणाऱ्याची मुलाखत बंद आणि पट्टाही बंद. आणि पट्ट्यावर पहिला हक्क घरच्यांचा. घरचं कुणी आलं नाही तर सरकार पगारी माणूस नेमतं.

हणमंतसाठी विचारणा आली तेव्हा सारिकानं नकार कळवला होता. तेव्हा सविताच्या बांगड्या नजरेसमोरून हलत नव्हत्या.



वकीलबाई निखत बागवान सांगलीच्या. बोलणं तोडून टाकल्यासारखं.

"सारिकाताई, तुमचा नवरा फार बरा आहे. हीच अडचण आहे."

"म्हंजे?"

"दयेचा अर्ज फेटाळला गेलाय. आता एकच वाट उरते. मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला फाशी देता येत नाही. वर्षानुवर्षं कोठडीत राहून माणसं खचतात, वेडी होतात, आणि मग शिक्षा जन्मठेपेवर येते. हे खचतच नाहीत. वजन वाढलंय त्यांचं. ती भिंत त्यांना फाशीसाठी तंदुरुस्त ठेवतेय."

"मग भिंत काढून टाका म्हणावं."

"ती कैद्याची सोय आहे, मला काढायला सांगता येत नाही. पण तुमचा पहिला हक्क अजून शाबूत आहे." निखतनं चष्मा पुसायला घेतला. खिडकीकडं तोंड करून पुसला. "माझ्या आधीच्या दोन अशिलांच्या बाबतीत एक गोष्ट बघितली मी. घरचा श्वास भिंतीत आला की घर आठवतं. जे केलं ते आठवतं. मी तुम्हाला काही करायला सांगत नाहीये."

"म्हंजे मी आले तर ती जाणार?"

"कोण ती?"

"कुणी न्हाई. कुठं सही करायची?"

निखतला वाटलं, या बाईचं नवऱ्यावर किती प्रेम. सारिकाच्या आईलाही तसंच वाटलं, गल्लीतल्या बायकांनाही. सारिकानं कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. नवऱ्याचा जीव वाचवायला निघालेल्या बाईला कुणी विचारत नाही की तुझे ओठ असे आवळलेले का.



एकदम श्वास बदलला तर कैदी बिथरतो. म्हणून काही दिवस जुनी आणि नवी अशा दोघींचे श्वास मिसळून सोडतात, दुधात पाणी वाढवत जावं तसं. त्यासाठी दोघींना प्रयोगशाळेच्या साताऱ्यातल्या केंद्रात समोरासमोर बसवतात.

सारिका इस्त्रीची साडी नेसून गेली. लिपस्टिकसुद्धा लावली होती. वाटभर तिनं त्या बाईला नाना तऱ्हांनी रंगवलं होतं. गोरी, केस मोकळे, बोटं लांब.

खोलीत एक वाळकी, साठीला टेकलेली बाई पाय वर घेऊन खुर्चीवर बसली होती. एक पापणी टम्म सुजलेली.

"माशी चावली," ती आपणहून म्हणाली. "तू का नवीन? बस. मी द्वारका. महाबळेश्वरच्या खाली आमच्या मधाच्या पेट्या हायत. तुला कुणी लावून दिलं हे काम? चहा बरा देतात इथं, बिस्किटं मातूर सादळलेली."

सारिका बसली. हिच्यावर जळायचं? एखादी देखणी असती तर मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या. इथं हेवा करायला काय होतं? दोन फुप्फुसं. आणि तरी हेवा वाटत होता, उलट जास्तच वाटत होता. रूप, वय, गोड बोलणं, यातलं काहीच लागलं नव्हतं हिला. ही नुसती होती, आणि तेवढ्यावर तिनं हणमंतला नेलं होतं.

"तो माणूस कोण हाय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाय बा. कुणी का असंना. चोर असंल, खुनी असंल. मी आपली माझ्या कामात असते." द्वारकानं बिस्कीट चहात बुडवलं. "तुला सांगते, सोपं हाय. सातेरी माशीला माणसाचा श्वास सोसत नाय. पेटीवर वाकून जोरात श्वास टाकलास की समदी डसायला उठतात. म्हणून आम्ही लहानपणापासून शिकतो. तोंड जरा बाजूला, आणि हळूच सोडायचा, खालच्या अंगाला. बघ असा..."

"मला श्वास घ्यायला नका शिकवू, मावशी. जन्मल्यापासून घेतीय मी."

द्वारका तिच्याकडं बघत राहिली. सुजल्या डोळ्यानं आणि चांगल्या डोळ्यानं.

"नात्यातली हायस व्हय त्याच्या?"

सारिकानं पट्टा उचलला आणि ब्लाउजवरून घट्ट आवळला. गरजेपेक्षा घट्ट.



एसटीत बसून तिनं ठरवलेली मुलाखत :

हणमंत येतो. डोळ्यांत पाणी. म्हणतो, सारिके, भिंतीत आता दुसरंच कुणीतरी आहे. ओळखीचं आहे. कोण ते मला विचारायचं नाही, पण मला कळलंय. ती काचेला हात लावते. तो पलीकडून लावतो.

झालेली मुलाखत :

हणमंतला दोघं धरून घेऊन आले. दाढी वाढलेली. त्यानं फोन उलटा धरला, शिपायानं सुलटा करून दिला.

"गेली ती," तो म्हणाला.

"कोण?"

"तीच. तिला घालवली कुणीतरी. दुसरी आणून ठेवलीया." त्यानं मागं वळून बघितलं. "ही बाई झोपत न्हाई, सारिके. श्वास धरून ठेवती. कान देऊन बसल्यागत. मी बी मग श्वास धरून बसतो. ही काय ऐकतीया? मी काय बोलतो ते? मग एकदम सोडती, भक्कन्. भट्टीचं तोंड उघडल्यागत. तिच्या पोटात आग हाय."

"नवीन असंल. सवय होईल."

"मला जालिंदर दिसाय लागलाय."

सारिकानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दाराला धडका मारायचा आवाज येतो. त्या शांत बाईच्या वेळेला कधी आला न्हवता. सारिके, तू बाहेर असतीस. त्या साहेबांना सांग. माझी बाई मला परत द्या म्हणावं."

माझी बाई. हे तो सारिकाला सांगत होता. सारिकाच्या कमरेच्या वर, साडीखाली, तो पट्टा तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर ताणत होता.

"कोण हाय ती भवानी कोण जाणे," हणमंत म्हणाला. "कुणाचं तरी वाटोळं करून आली असणार."

त्याच दिवशी फोनवर निखतचा आवाज कधी नव्हे तो चढलेला होता. "सारिकाताई, तुरुंगात त्यांच्या तब्येतीचा आलेख ठेवतात, तो पार कोसळलाय. झोप नाही, भास होतायत, जेवण सोडलंय. असेच राहिले ना, तर डॉक्टरांचं मंडळ त्यांना फाशीसाठी अपात्र ठरवेल. जगतील ते."

"माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळंच."

सारिका पिको-फॉलच्या दुकानात कामाला होती. फोन ठेवून तिनं मशीनवर साडी लावली. तिचा नवरा तिच्या श्वासानं वेडा होतोय, आणि म्हणून वाचणार. साठीच्या एका परक्या बाईच्या श्वासानं तो शहाणा होता, आणि म्हणून मरणार होता. साडीची कड संपली, मशीन चालूच राहिलं, आणि सुई नुसत्या पत्र्यावर टकटकत राहिली.



तिनं काय करायला हवं होतं, ते कुणीही सांगेल. काहीच नाही. जशी आहे तशी राहायचं.

तिनं महाबळेश्वरची गाडी पकडली.

का गेली? निखतनं पुढं तिला हेच विचारलं, ओरडून विचारलं. सारिकाला नीट सांगता आलं नाही. जीव वाचवणारी होणं तिला पुरत नव्हतं. त्या काचेपलीकडं, तिच्याच तोंडावर, तिच्या श्वासाला कुणी भवानी म्हणालं होतं. तिला एकदा, फक्त एकदा, जिच्यामुळं त्याला झोप लागते ती व्हायचं होतं.

द्वारका पेट्यांपाशी होती. डोळा उतरला होता.

"आलीस व्हय? मला वाटलंच होतं." आणि मग, "तुझा नवरा काय तो?"

"हां."

"त्याला माझ्या श्वासाची चटक लागली म्हणून माझा राग करतीस?"

"करते."

"कर बापडे. माझ्या नवऱ्याला माझ्या श्वासाचं कधी काय वाटलं नाय. चाळीस वर्षं बाजूला झोपला आणि म्हणायचा, तिकडं तोंड कर." ती फिदीफिदी हसली. "ये हिकडं. झाकण काढते. भिऊ नकोस. तू भ्यालीस की श्वास वर चढतो, श्वास वर चढला की त्या वर चढतात."

सारिका पहिल्या दिवशी तीन ठिकाणी डसवून घेऊन परतली. पुन्हा गेली. तोंड बाजूला, श्वास खाली, सोडताना मनात कुणाचं तरी नाव लांबवायचं. द्वारका म्हणाली, ती आपल्या मेलेल्या बहिणीचं घेते. सारिकाला नाव सापडेना. हणमंतचं घेतलं की छाती आवळायची. शेवटी तिनं सविताचं घेतलं. स, वि, ता. शेवटचा आकार लांब, लांब, माशा हातावर बसून उठून जाईपर्यंत.

एके दिवशी द्वारकानं झाकण काढलं, सारिका पोळ्यावर वाकली, आणि एकही माशी उठली नाही.

"शिकलीस की गं," द्वारका म्हणाली. जराशी नाराज झाल्यासारखी.



"आली!" हणमंत खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला. दाढी केलेली. "ती आली परत!"

"आली?"

"मला वाटलंच होतं, ती अशी सोडून जायची न्हाई. परवा दुपारी मी पडलो होतो, आणि भिंत हळूच... तिचाच गं. तसाच लांब. मी म्हणालो, आलीस व्हय? इतके दिवस कुटं होतीस?" त्याच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "त्या दुसरीला हाकलली वाटतं. तू सांगितलंस का साहेबांना?"

सारिकाला हवं ते मिळालं होतं. अगदी हवं तसं. हे डोळ्यांतलं पाणी तिचं होतं, हा उजळलेला चेहरा तिच्या फुप्फुसांनी उजळवला होता. आणि तो सगळाच्या सगळा त्यानं उचलून दुसरीच्या पदरात टाकला.

सांगावं? ती मीच. तोंड उघडलं की पट्टा जाणार, मुलाखत जाणार. खरी द्वारका परत येणार.

"हां," ती म्हणाली. "मी सांगितलं."

"लई उपकार झाले," हणमंत म्हणाला. शेजारणीला म्हणावं तसं.



"काय केलंत?" निखत. "आलेख सरळ! एखाद्या साधूसारखा! काय केलंत तुम्ही?"

"शिकले."

"काय शिकलात? अहो, आधी वाईट आणि नंतर चांगला म्हणजे मंडळ म्हणणार, बरा झाला, चढवा फासावर! मंगळवारी तिन्ही डॉक्टर कोठडीसमोर बसून बघणार आहेत. त्या दिवशी ते जसे दिसतील तसं ठरेल. तुम्हाला नवरा जिवंत हवाय की नकोय?"

सारिका बरगड्यांवरचा पट्टा चाचपत राहिली.

"सारिकाताई?"

"हवाय," ती म्हणाली. मग, फोन ठेवल्यावर, भिंतीला म्हणाली, "पण माझा."



मंगळवार. सकाळ. सारिका घरात फरशीवर बसली. दार लावलेलं. पट्टा.

आत.

द्वारकाचा श्वास आता आपोआप येत होता. स, वि, ता. बाहेर. लांब. कातळमाळावर भिंत हळूच फुगली असेल, बसली असेल. तो गाल लावून पडला असेल. तिघं डॉक्टर वहीत लिहीत असतील : शांत आहे.

आत.

असंच चालू ठेवलं तर तो सुखात मरेल. तिच्याच श्वासाला टेकून. मरेपर्यंत दुसरीचं समजून.

बाहेर.

तो हसत असेल. तिला ते हसू दिसलं. गालाखाली भिंत, डोळे मिटलेले, ओठ जरा उघडे. ती इथं फरशीवर आणि तो तिथं दुसरीच्या कुशीत. मुद्दाम काही करावं लागलं नाही. श्वास अर्ध्यावर, गळ्याच्या खड्ड्यापाशी, अडकला.

धरला.

ती ऐकू लागली. काय ऐकत होती कोण जाणे. माझं नाव घेतोयस का. घे. एकदा घे.

धरला.

सोडला, भक्कन्.

मग पुन्हा. आणि पुन्हा, आता थांबवणं तिच्या हातात नव्हतं. हणमंतचं हसू गेलं आणि सविता आली. मनात जिचं नाव लांबवून ती श्वास शिकली होती ती सविता, आतून दाराला हात लावून उभी, बाहेरून कडी. मीच बसले होते स्कूटरवर. मीच ते जपून ठेवलं, माझ्यापायी केलं म्हणून. सारिकाची छाती पट्ट्याखाली उडत होती. ती त्याला वाचवत होती, की त्याला जाळत होती, की स्वतःला, ते तिला सांगता आलं नसतं. आग एकच होती.

निखतचा फोन आला तेव्हा ऊन उंबऱ्यावरून निघून गेलं होतं.

"संपलं. तिघांनीही अपात्र लिहिलं." निखत म्हणाली. "आधी भिंतीला विनवत होते, म्हणाले, जाऊ नको गं. मग दोन्ही मुठींनी मारायला लागले. मग कोपऱ्यात जाऊन घोंगडीत शिरले आणि दार उघडा, दार उघडा म्हणून... सारिकाताई, ते जगतील आता. अभिनंदन म्हणायचं की काय, मला कळत नाही."

सारिकानं पट्टा सोडला. बरगड्यांवर त्याचा लाल वळ उठला होता.



शिक्षा जन्मठेपेवर आली. हणमंतला दवाखान्यात ठेवलं, मग गोळ्या देऊन साध्या बराकीत. तिथं माणसं होती, म्हणून भिंत नव्हती. पुढच्या मुलाखतीला तो आला तेव्हा वाळलेला होता. फोन मात्र त्यानं सुलटा धरला.

"कसं आहे?"

"हाय."

"जेवण जातंय?"

"जातंय." तो पुढं वाकला. काचेवर त्याच्या तोंडाची वाफ आली. "एक विचारायचं होतं. आता ती कुणाच्या भिंतीत असंल?"

"कोण ती?" सारिका म्हणाली, उगीचच.

"दुसऱ्या कुणाला दिली असंल न्हवं? कुणी तरणा असंल. तो बी गाल लावून झोपत असंल." त्याचे डोळे बारीक झाले होते. जबडा हलत होता. आवाज खालच्या पट्टीत, घोटून बाहेर येणारा. "नुसतं नाव काढ तू त्याचं. कुठल्या जेलात हाय तेवढं काढ."

सारिकानं ते डोळे ओळखले. कधीकाळी हे डोळे तिच्या पावलागणिक मागं असायचे. ते परत आले होते, जिवंत, तापलेले, आणि तिच्याकडं बघत नव्हते.

"ती वारली," सारिका म्हणाली.

हणमंतनं फोन कानाला घट्ट दाबला.

"कधी?"

"थंडीत."

"कशानं?"

"झोपेत गेली म्हणत होते."

त्यानं फोन फळीवर ठेवला. दोन्ही हात तोंडावर घेतले. काचेमुळं आवाज येत नव्हता, नुसते खांदे दिसत होते. सारिका बसून राहिली. तिला वाटलं होतं, हलकं वाटेल. मागं शिपाई घड्याळ बघत होता.

बऱ्याच वेळानं त्यानं फोन उचलला.

"नाव काय होतं तिचं?"

आता भिंत नव्हती. पट्टा नव्हता. काही सांगायचं नाही असा नियमही उरला नव्हता.

"सारिका," ती म्हणाली.

हणमंतनं बाहीनं नाक पुसलं. मान हलवली.

"असं करू नगं, सारिके," तो म्हणाला. "मेलेल्या बाईची चेष्टा करू नगं."